शाळेत गोळीबार करणाऱ्या अल्पवयीन मुलावर प्रौढ म्हणून खटला चालवावा का? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वकील म्हणून कोल्हापूर जिल्ह्यातील शाळांमध्ये पालक आणि शिक्षकांसमोर बाल न्याय कायद्याविषयी बोलण्याचा प्रसंग माझ्यावर अनेकदा येतो. पूर्वी तेथे प्रश्न येत ते विनापरवाना दुचाकी चालवणाऱ्या मुलांचे, वर्गातील मारामाऱ्यांचे आणि मोबाइलवरून होणाऱ्या छळाचे. अलीकडे प्रत्येक सभेत कोणीतरी उठून विचारते, की उद्या एखाद्या मुलाने शाळेत बंदूक आणली आणि चालवली, तर कायदा त्याला 'लहान' म्हणून सोडून देणार का? या एका प्रश्नाच्या पोटातून निघणारे इतर प्रश्न आणि त्यांची उत्तरे खाली दिली आहेत. जेथे कायदा सांगितला आहे तेथे तो कायदा आहे. जेथे मत आहे तेथे ते माझे आहे.

शाळेतील गोळीबार हा अमेरिकेचा प्रश्न आहे. आपण त्याची चर्चा का करावी?

संख्येने पाहिले तर तो अमेरिकेचाच प्रश्न आहे, आणि तेथील भीती जशीच्या तशी येथे आणण्याचे कारण नाही. तरीही आपल्या देशात अशा घटना घडलेल्याच नाहीत असे म्हणता येत नाही. ११ डिसेंबर २००७ रोजी गुरुग्रामच्या एका खासगी शाळेत आठवीतील दोन मुलांनी वडिलांच्या परवानाधारक पिस्तुलाने वर्गमित्राला ठार केले. डिसेंबर २०२४ मध्ये मध्य प्रदेशातील छतरपूर जिल्ह्यात बारावीतील अल्पवयीन विद्यार्थ्याने प्राचार्यांवर गोळी झाडली आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये उत्तराखंडातील काशीपूर येथे नववीतील मुलाने जेवणाच्या डब्यातून कट्टा आणून शिक्षकांना जखमी केले. बिहारमधील सुपौल येथे तर जुलै २०२४ मध्ये नर्सरीतील पाच वर्षांच्या मुलाने दप्तरातून आणलेल्या शस्त्राने दहा वर्षांच्या विद्यार्थ्याला हातावर गोळी घातली.

आपल्या जिल्ह्याचे म्हणाल, तर राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड या पट्ट्यात गवे, रानडुकरे आणि हत्ती यांच्यापासून पिके राखण्यासाठी बंदुकीचा परवाना घेणे ही काही नवलाची गोष्ट नाही, आणि गावठी कट्टा पकडल्याच्या बातम्याही आपण वाचतोच. बंदूक आपल्या घरांना अगदीच अनोळखी नाही, एवढे लक्षात घेतले तरी या चर्चेला पुरेसे कारण आहे.

'प्रौढ म्हणून खटला' म्हणजे आपल्या कायद्यात नेमके काय?

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ हा १५ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. अठरा वर्षांखालील ज्या मुलावर गुन्ह्याचा आरोप आहे, त्याला हा कायदा 'आरोपी' न म्हणता 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हणतो, आणि त्याचे प्रकरण नेहमीच्या न्यायालयाऐवजी बाल न्याय मंडळापुढे चालते. या मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते असतात, त्यांपैकी किमान एक महिला असावी लागते. मुलाला ताब्यात घेतल्यापासून २४ तासांत मंडळापुढे हजर करावे लागते; त्याला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही.

कायद्याने गुन्ह्यांचे किरकोळ, गंभीर आणि निर्घृण असे तीन वर्ग केले आहेत. मूल १६ वर्षे पूर्ण केलेले पण १८ वर्षांखालील असेल आणि त्याच्यावरील आरोप निर्घृण गुन्ह्याचा असेल, तरच मंडळ कलम १५ नुसार त्याचे प्राथमिक मूल्यांकन करते. मूल्यांकनानंतर मंडळाला आवश्यक वाटल्यास प्रकरण बाल न्यायालयाकडे जाते. जिल्ह्याच्या पातळीवर हे काम सत्र न्यायालयाच्या दर्जाचे न्यायालय करते. तेथेही दार आपोआप उघडत नाही, कारण मुलाचा खटला प्रौढाप्रमाणे चालवण्याची खरोखर गरज आहे का, हे बाल न्यायालयाने कलम १९ नुसार स्वतः पुन्हा तपासायचे असते.

म्हणजे 'प्रौढ ठरवले' असे जे आपण बोलतो ते अर्धेच खरे आहे. मूल मूलच राहते, बदलतो तो केवळ खटल्याचा मार्ग. या मार्गाने दोषी ठरलेल्या मुलालाही फाशी देता येत नाही, आणि सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेपही देता येत नाही.

वय कोणत्या दिवसाचे धरतात?

गुन्हा घडला त्या दिवसाचे. त्यासाठी आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा परीक्षा मंडळाचे दहावीचे प्रमाणपत्र पाहतात, ते नसल्यास महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि तोही नसेल तरच वैद्यकीय तपासणी होते. आपल्याकडे मास्तरांनी शाळेत नाव घालताना सरसकट १ जून ही जन्मतारीख लावून दिलेली एक अख्खी पिढी आहे. आजच्या मुलांच्या बाबतीत असा निष्काळजीपणा परवडणारा नाही, कारण पंधरा वर्षे अकरा महिने आणि सोळा वर्षे यांच्यामध्ये कायद्याने एक भिंत उभी केली आहे.

शाळेत गोळी झाडली म्हणजे गुन्हा आपोआप 'निर्घृण' ठरतो का?

नाही, आणि या उत्तराने सभेतील बहुतेकांना धक्का बसतो. ज्या गुन्ह्याला कायद्याने किमान सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षा ठरवून दिली आहे, तोच निर्घृण. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये स्पष्ट केले, की ज्या गुन्ह्याची कमाल शिक्षा सात वर्षांहून अधिक आहे पण किमान शिक्षा ठरवलेलीच नाही, तो या व्याख्येत बसत नाही. संसदेने २०२१ च्या दुरुस्तीने असे गुन्हे 'गंभीर' वर्गात घातले.

याचा परिणाम असा होतो. सतरा वर्षांच्या मुलाने झाडलेल्या गोळीने कोणाचा मृत्यू झाला तर तो खून. त्याची किमान शिक्षाच जन्मठेप आहे, म्हणून तो निर्घृण. त्याच मुलाने त्याच हेतूने झाडलेली गोळी वीतभर बाजूने गेली आणि समोरचा वाचला, तर तो खुनाचा प्रयत्न. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०९ मध्ये त्यासाठी दहा वर्षांपर्यंत, आणि इजा झाल्यास जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, पण किमान शिक्षा नाही. म्हणून तेवढ्याच आरोपावर त्या मुलाला प्रौढांच्या मार्गावर नेता येत नाही. शस्त्र अधिनियमाच्या काही कलमांत किमान सात वर्षांची शिक्षा आहे, परंतु वडिलांची साधी परवानाधारक बंदूक उचलून आणलेल्या मुलाला ती कलमे सहसा लागत नाहीत.

पुण्यातील कल्याणीनगरच्या १९ मे २०२४ च्या मोटार अपघातानंतर महाराष्ट्राने हीच गाठ जवळून पाहिली. दोन तरुण जीव गेले, लोकांचा संताप रास्त होता, मोटार चालवल्याचा आरोप असलेल्या सतरा वर्षांच्या मुलावर प्रौढ म्हणून खटला चालवावा असा अर्ज पोलिसांनी केला, आणि जुलै २०२५ मध्ये बाल न्याय मंडळाने तो फेटाळला. सदोष मनुष्यवधाच्या तेव्हाच्या कलमालाही (भारतीय दंड संहिता, कलम ३०४) किमान शिक्षा नव्हती, हा त्या वादातील एक कळीचा मुद्दा होता.

नेम चुकला की बरोबर लागला यावरून मुलाच्या मनाचे वय ठरत नाही. तरीही कायद्याची ही रेघ मला मान्य आहे, कारण ती निदान स्पष्ट आहे आणि संशयाचा फायदा मुलाला देते.

प्राथमिक मूल्यांकनात काय पाहिले जाते?

तीन गोष्टी पाहिल्या जातात : असा गुन्हा करण्याची मुलाची मानसिक व शारीरिक क्षमता, त्याच्या परिणामांची त्याला असलेली समज, आणि ज्या परिस्थितीत तो घडल्याचा आरोप आहे ती परिस्थिती. मुलाला प्रथम हजर केल्यापासून तीन महिन्यांत हे काम पूर्ण व्हायला हवे. परिवीक्षा अधिकाऱ्याचा (प्रोबेशन ऑफिसरचा) सामाजिक तपासणी अहवाल यासाठी मोलाचा असतो. घरात कोण आहे, शाळेत काय चालले होते, मुलाला कोणी छळत होते का, शस्त्र कोठून आले, हे सारे त्या अहवालात यायला हवे.

गुरुग्रामच्याच दुसऱ्या एका शाळेत २०१७ मध्ये सात वर्षांच्या मुलाचा गळा चिरून खून झाला आणि अकरावीतील मुलाला ताब्यात घेण्यात आले. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १३ जुलै २०२२ रोजी सांगितले, की हे मूल्यांकन नाजूक आणि तज्ज्ञतेचे काम आहे, आणि मंडळात बालमानसशास्त्र किंवा बालमनोविकारशास्त्राची पदवी असलेला सदस्य नसेल तर तज्ज्ञांची मदत घेणे बंधनकारक आहे. त्यानंतर एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या.

मला या टप्प्यातील एक अडचण सांगितलीच पाहिजे. गुन्हा सिद्ध होण्यापूर्वीच मुलाला 'तू हे कोणत्या परिस्थितीत केलेस' असे विचारावे लागते. ज्याने केलेच नाही त्याने काय उत्तर द्यावे? म्हणून मुलाला पहिल्या दिवसापासून वकील मिळणे आणि मूल्यांकन म्हणजे कबुलीजबाब नव्हे हे सर्वांनी ध्यानात ठेवणे अत्यावश्यक आहे. कायद्यानेही हे मूल्यांकन म्हणजे खटला नव्हे असे स्पष्ट म्हटले आहे.

ज्याला पिस्तूल मिळवता येते, लपवता येते, नेम धरता येतो, त्याला परिणाम कळत नाहीत हे कसे मानायचे?

या प्रश्नाला मी सर्वांत अधिक वेळ देतो, कारण विचारणाऱ्याचे म्हणणे चुकीचे नसते, फक्त अपुरे असते.

सतरा वर्षांच्या मुलाला गोळी लागली की माणूस मरतो हे निश्चित कळते. बारा वर्षांच्या मुलालाही कळते. कायद्यासमोरचा प्रश्न त्यापेक्षा खोल आहे. मेंदूचा जो भाग आवेगाला लगाम घालतो, पुढचा विचार करतो आणि संतापाच्या क्षणी 'थांब' म्हणतो, तो विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. अपमान, भीती, मित्रांसमोर मान खाली जाणे यांची धग मात्र पौगंडावस्थेत सर्वांत तीव्र असते. म्हणजे घोडा उधळण्याचे वय आधी येते आणि लगाम हातात येण्याचे वय नंतर. दहावीतला हुशार मुलगा गणित बरोबर सोडवतो आणि त्याच संध्याकाळी मित्राच्या डिवचण्यावरून पंचगंगेच्या पुरात उडी टाकतो. त्याला नदीचा धोका माहीत नसतो असे थोडेच आहे?

यावर कोणी म्हणेल, की पुरातील उडी क्षणाची असते, शाळेतील गोळीबार मात्र अनेकदा दिवसेंदिवस आखलेला असतो. हे म्हणणे खरे आहे. अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने आणि शिक्षण खात्याने १९७४ ते २००० या काळातील शाळांवरील ३७ हल्ल्यांचा अभ्यास करून २००२ मध्ये अहवाल दिला, त्यातही हे हल्ले क्वचितच अचानक भडक्यात झालेले दिसले. आखणी हा क्षमतेचा पुरावा असू शकतो आणि मूल्यांकनात त्याला वजन मिळालेच पाहिजे. परंतु त्याच अहवालात असेही आढळले, की बहुसंख्य हल्लेखोर आधीच खचलेले होते, अनेकांनी आत्महत्येचा विचार बोलून दाखवला होता, आणि सुमारे ७१ टक्के मुलांना इतरांकडून छळ किंवा धमक्या सोसाव्या लागल्या होत्या. स्वतःच्याच मरणाची योजना आखणारे मूल पुढील वीस वर्षांचा विचार करून निर्णय घेत आहे, असे कोणता मानसशास्त्रज्ञ म्हणेल?

गुन्ह्याचे रूप जितके भयंकर, तितका तो करणारा अधिक प्रौढ, असे आपले मन सहज मानते. ही चूक आहे. मृतांची संख्या त्या शस्त्राबद्दल आणि त्या दिवशीच्या अनर्थाबद्दल सांगते. मुलाच्या परिपक्वतेबद्दल ती काहीच सांगत नाही. ती परिपक्वता त्या एका मुलाकडे पाहूनच ठरवावी लागते. म्हणून शाळेतील गोळीबाराच्या प्रत्येक प्रकरणात सरसकट प्रौढ म्हणून खटला चालवावा या मागणीला माझा विरोध आहे, आणि सोळा ते अठरा या वयात तज्ज्ञांच्या मदतीने एकेका मुलाचे मूल्यांकन व्हावे या आजच्या व्यवस्थेला माझा पाठिंबा आहे.

अमेरिकेत अशा मुलांचे काय झाले?

एकाच देशात परस्परांच्या अगदी विरुद्ध टोके दिसतात. २४ मार्च १९९८ रोजी आर्कान्सामधील जोन्सबरो येथे १३ आणि ११ वर्षांच्या दोन मुलांनी शाळेत चार मुली आणि एका शिक्षिकेला ठार केले. तेथील तेव्हाच्या कायद्याने एवढ्या लहान मुलांवर प्रौढ म्हणून खटला चालवता येत नव्हता. दोघेही २१ वर्षांचे झाल्यावर, २००५ आणि २००७ मध्ये, बाहेर आले. त्याआधी चारच महिने, १ डिसेंबर १९९७ रोजी, केंटकीतील वेस्ट पडुका येथे १४ वर्षांच्या मुलाने तीन विद्यार्थिनींना ठार केले होते. त्याला जन्मठेप झाली, २५ वर्षांनी सुटकेचा विचार व्हायचा होता, आणि २०२२ मध्ये तेथील पॅरोल मंडळाने सुटका कायमची नाकारली. एकाच शैक्षणिक वर्षातले गुन्हे, जवळपास सारखीच वये; मधली राज्याची सीमा तेवढी वेगळी. जोन्सबरोच्या मोठ्या मुलाला सुटकेनंतर शस्त्र बाळगल्याप्रकरणी पुन्हा शिक्षा झाली, हेही येथे सांगितले पाहिजे. कठोर शिक्षा मागणारे ते उदाहरण देतात तेव्हा ते खोटे बोलत नाहीत.

मिशिगनमधील ऑक्सफर्ड येथे ३० नोव्हेंबर २०२१ रोजी १५ वर्षांच्या मुलाने चार विद्यार्थ्यांना मारले, आणि डिसेंबर २०२३ मध्ये त्याला सुटकेची शक्यता नसलेली जन्मठेप झाली. जॉर्जियात ४ सप्टेंबर २०२४ रोजी अपालाची हायस्कूलमध्ये दोन विद्यार्थी आणि दोन शिक्षक मारले गेले, तेव्हा १४ वर्षांच्या आरोपीवर प्रौढ म्हणूनच आरोप ठेवले गेले, कारण खुनाच्या प्रकरणात १३ वर्षांपासूनच्या मुलांचे खटले थेट वरच्या न्यायालयात जातील असे त्या राज्याचा १९९४ चा कायदा सांगतो. त्या मुलाच्या मनाचे मूल्यांकन करून मग ठरवू, असा टप्पा तेथे आधी येत नाही.

दुसरीकडे त्याच देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये अठरा वर्षांखालील गुन्हेगारांची फाशी रद्द केली आणि २०१२ मध्ये त्यांना सक्तीने दिली जाणारी सुटकाविरहित जन्मठेपही घटनाबाह्य ठरवली. अपरिपक्वता, इतरांच्या दबावाला बळी पडण्याची वृत्ती, आणि अजून घडत असलेला स्वभाव ही त्यामागची कारणे होती.

कठोर शिक्षेची जरब बसून इतर मुले थांबणार नाहीत का?

शाळेतील गोळीबाराच्या बाबतीत या आशेला फारसा आधार नाही. अमेरिकेतील कोलंबाइन शाळेत २० एप्रिल १९९९ रोजी तेरा जणांना मारणाऱ्या दोघांनी तेथेच आत्महत्या केली, आणि पुढील अनेक हल्लेखोरांनीही तेच केले. ज्याला परत यायचेच नाही, त्याला तुरुंगाचे भय कसे घालणार? अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या सहकार्याने काम करणाऱ्या तज्ज्ञ गटाने २००७ मध्ये उपलब्ध संशोधन तपासून असा निष्कर्ष काढला, की प्रौढांच्या न्यायव्यवस्थेत पाठवलेल्या मुलांकडून पुढे होणारे हिंसक गुन्हे बाल न्यायव्यवस्थेत राहिलेल्या मुलांच्या तुलनेत एकंदरीने वाढतात.

'तीन वर्षांत सुटून येतो' हे खरे आहे का? आणि मुलाला कळंबा कारागृहात पाठवतात का?

मंडळाने प्रकरण स्वतःकडेच ठेवले तर विशेष गृहात ठेवण्याची कमाल मुदत तीन वर्षे आहे, त्यामुळे त्या मार्गापुरते हे खरे आहे. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील सामूहिक बलात्कार प्रकरणातील अल्पवयीन आरोपी तेव्हाच्या कायद्यातील अशाच तरतुदीने डिसेंबर २०१५ मध्ये सुटला, देश हादरला, आणि त्याच महिन्यात राज्यसभेने नवा कायदा मंजूर केला. सोळा ते अठरा वयासाठीचा आजचा मार्ग त्या हादऱ्यातून निघाला आहे.

बाल न्यायालयाने प्रौढाप्रमाणे दोषी ठरवल्यास शिक्षा तीन वर्षांहून मोठी असू शकते. तरीही २१ वर्षांचा होईपर्यंत त्याला कळंब्याला किंवा अन्य कोणत्याही कारागृहात नेता येत नाही. कायद्यात 'सुरक्षित स्थान' असे ज्याला म्हटले आहे तेथे त्याला ठेवायचे, शिक्षण, समुपदेशन आणि कौशल्याची सोय करायची, आणि २१ पूर्ण झाल्यावर तो सुधारला आहे का हे बाल न्यायालयाने तपासायचे. सुधारला असेल तर देखरेखीखाली सुटका, नसेल तर उरलेली शिक्षा कारागृहात. मला हा या कायद्याचा सर्वांत शहाणा भाग वाटतो, कारण सतराव्या वर्षी जे ठामपणे सांगता येत नाही ते एकविसाव्या वर्षी पुष्कळ स्पष्ट दिसते. मात्र त्या चार वर्षांत समुपदेशक पुरेसे नसतील आणि मुलगा नुसता बसून असेल, तर एकविसाव्या वर्षीच्या तपासणीला काय अर्थ उरतो?

ज्यांचे मूल गेले त्यांना न्याय कसा मिळणार?

माझ्याकडे या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर नाही, आणि असल्याचा आव मी आणणार नाही. सकाळी डबा भरून दिलेले मूल संध्याकाळी परत येत नाही, तेव्हा त्या आईवडिलांसमोर मेंदूच्या वाढीचे शास्त्र मांडणे क्रूरपणाचे आहे. त्यांचा संताप हा त्यांचा हक्क आहे. परंतु न्यायालयाने काय करावे हे ठरवताना त्या संतापाची तीव्रता हे माप धरता येत नाही.

त्यांना जे निश्चित देता येते तेही आपण धड देत नाही. तपास कोठे आला हे त्यांना वेळोवेळी सांगणे, प्रकरण वर्षानुवर्षे न रखडू देणे, शाळेने आणि शस्त्राच्या मालकाने काय केले व काय केले नाही याचा पूर्ण हिशेब त्यांच्यासमोर ठेवणे, आणि नुकसानभरपाईसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करण्यास त्यांना कोणीतरी हात धरून मदत करणे, एवढे तर शक्य आहे. मुलाचा खटला कोणत्याही मार्गाने चालो, या गोष्टींना कोणताही कायदा आडवा येत नाही.

मग सोळाची मर्यादा आणखी खाली आणावी का?

माझ्या मते आणू नये. १९८६ च्या कायद्यात मुलग्यांसाठी १६ आणि मुलींसाठी १८ अशी मर्यादा होती. २००० च्या कायद्याने ती दोघांसाठी १८ केली. २०१३ मध्ये न्यायमूर्ती जे. एस. वर्मा समितीने, देशातील क्षोभ शिगेला पोहोचलेला असताना, ही मर्यादा खाली आणू नये असे सांगितले. भारताने डिसेंबर १९९२ मध्ये स्वीकारलेल्या बालहक्क संहितेचा रोखही तोच आहे. सात वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य आपल्याकडे गुन्हा ठरत नाही, म्हणून सुपौलच्या त्या पाच वर्षांच्या मुलाबाबत प्रश्न उरतो तो फक्त घरातील मोठ्यांचा.

युरोपातही हा पेच आला. बेलग्रेडमध्ये मे २०२३ मध्ये १३ वर्षांच्या मुलाने शाळेत हत्याकांड केले. सर्बियात १४ वर्षांखाली फौजदारी जबाबदारी नाही, म्हणून खटला त्याच्या आईवडिलांवर भरला गेला. फिनलंडमधील वांता येथे एप्रिल २०२४ मध्ये १२ वर्षांच्या मुलाने वर्गमित्राला ठार केले, तेथे ही मर्यादा १५ आहे.

बंदूक घरातूनच गेली असेल तर वडिलांची जबाबदारी काय?

वर सांगितलेल्या अमेरिकन अहवालात सुमारे ६८ टक्के हल्लेखोरांनी शस्त्र स्वतःच्या किंवा नातेवाइकाच्या घरातून घेतले होते. गुरुग्राममधील २००७ चे पिस्तूल वडिलांचे होते. जोन्सबरोच्या बंदुका बहुतांशी आजोबांच्या घरातून गेल्या होत्या. ऑक्सफर्डच्या प्रकरणात मुलाच्या आईवडिलांनाही २०२४ मध्ये मनुष्यवधाबद्दल दोषी ठरवून १० ते १५ वर्षांची शिक्षा झाली.

आपल्याकडे २१ वर्षांखालील व्यक्तीला शस्त्र परवाना मिळत नाही. परवान्याच्या अटींचा भंग हा गुन्हा आहे, आणि निष्काळजीपणाने मृत्यूस कारण होण्याचे भारतीय न्याय संहितेतील कलम १०६ येथे लावता येते असा युक्तिवादही करता येतो. पण थेट आणि नेमकी तरतूद नाही. गंमत अशी नाही, खंत अशी आहे, की दुचाकीसाठी ती आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली घातलेले कलम १९९अ सांगते, की अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केला तर पालक किंवा वाहनमालक दोषी मानला जाईल, आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होईल. राजारामपुरीत क्लासला जाण्यासाठी मुलाला मोपेड देणाऱ्या वडिलांसाठी एवढा स्पष्ट कायदा आहे, तर कपाटाला कुलूप न लावता पिस्तूल ठेवणाऱ्या वडिलांसाठी तो का असू नये?

मुलाच्या बाबतीतील कर्तव्य चुकवणाऱ्या पालकाला जाब विचारणे कोल्हापूरला नवे नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, तेव्हा मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला होता. दंड मुलाला नव्हता. शस्त्र अधिनियमात कलम १९९अ सारखी तरतूद यावी, ही माझी या संपूर्ण विषयातील पहिली मागणी आहे. मुलावरचा खटला कोणत्या मार्गाने चालावा हा वाद तिच्यानंतरचा.

मुलाचे नाव किंवा छायाचित्र व्हॉट्सॲपवर पाठवले तर चालते का?

नाही. कलम ७४ नुसार मुलाची ओळख पटेल असा कोणताही मजकूर, त्यात शाळेचे नाव व पत्ताही आला, प्रसिद्ध करणे हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

मंडळाच्या निर्णयाविरुद्ध कोठे दाद मागायची?

प्राथमिक मूल्यांकनावरील आदेशाविरुद्ध सत्र न्यायालयात अपील करता येते, बाल न्यायालयाच्या निर्णयाविरुद्ध उच्च न्यायालयात. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाल्याने कोल्हापूरसह सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील पक्षकारांना त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही.

एखादा विद्यार्थी 'मी बंदूक आणणार आहे' असे बोलल्याचे कानावर आले तर काय करावे?

ते थट्टेवारी नेऊ नये. त्या २००२ च्या अहवालानुसार ८१ टक्के घटनांमध्ये हल्लेखोराचा बेत किमान एका व्यक्तीला आधी ठाऊक होता, आणि ती व्यक्ती बहुतेक वेळा मित्र, वर्गमित्र किंवा भावंड होती. मुले मोठ्यांना सांगत नाहीत, कारण चुगलखोर ठरण्याची भीती असते आणि मित्र अडचणीत येईल असेही वाटते. म्हणून शाळेतील तक्रारपेटी दररोज उघडली जाते का, आणि चिठ्ठी टाकणाऱ्याचे नाव गुप्त राहते का, हे पालकसभेत विचारावे.

शस्त्र प्रत्यक्ष दिसले असेल तर ११२ वर कळवावे आणि मुलाशी झटापट करू नये. नुसते बोलणे कानावर आले असेल तर त्याच दिवशी मुख्याध्यापकांना सांगावे, मुलाच्या घरी शस्त्र आहे का आणि ते कुलुपात आहे का याची पालकांकडून खात्री करून घ्यावी, आणि पोलीस ठाण्यातील बालकल्याण पोलीस अधिकाऱ्याशी बोलावे. मुलाला समुपदेशकाकडे न्यावे. १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी आणि १४४१६ ही मानसिक आरोग्याची मदतवाहिनी विनाशुल्क आहे. त्या मुलाला तडकाफडकी शाळेतून काढून टाकू नये, कारण तसे केल्याने त्याच्यावर लक्ष ठेवणारे शेवटचे डोळेही दूर होतात, आणि घरातील कपाट मात्र तेथेच असते.